टर्नस्टाइलच्या नव्या अल्बमवर बासरी आलीय. हे अजून हार्डकोरच आहे का?

वडगावचा धोटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रविवारी बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ मित्राच्या खोलीवर आम्ही चौघांनी टर्नस्टाइल या बँडचा 'नेव्हर एनफ' सलग ऐकला. जून २०२५मध्ये आलेला हा अल्बम मी एकट्याने आधीच ऐकला होता. खरं चौघांनी एकत्र बसून ऐकायची गोष्ट वेगळी. एका गाण्याच्या उत्तरार्धात ढोल-गिटार सगळं थांबतं आणि नुसती बासरी उरते. वाजवलीय शबाका हचिंग्ज यांनी, लंडनचे जॅझ वादक. बासरी सुरू झाली तसा आमच्यातला एक जण उठला, म्हणाला, "संपलं. हे आता हार्डकोर नव्हे." मग रात्री अकरापर्यंत तोच विषय. तो इथं मांडतोय, कारण खोलीत काही निकाल लागला नाही.

ज्यांना हार्डकोर हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टन डीसीत, पोरांनी पंक रॉक घेतलं आणि त्यातलं होतं नव्हतं ते सगळं काढून टाकलं. सोलो काढला, प्रस्तावना काढली, दुसरं कडवं नको असेल तर तेही काढलं. उरला वेग, ओरडणं आणि एक-दीड मिनिटाचं गाणं. टर्नस्टाइल बाल्टिमोरचे, २०१०पासूनचे. म्हणजे ते हार्डकोरचे संस्थापक नव्हेत, वारसदार आहेत, आणि वारसदाराला प्रश्न पडतोच की घरातलं काय ठेवायचं आणि काय नवं आणायचं.

मी यंत्रमागाच्या घरात वाढलो. खाली चार माग, वर आम्ही झोपायचो. सतराव्या वर्षी मला कुणीतरी डिस्चार्जचा १९८२चा अल्बम दिला. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा बँड. त्यांच्या ड्रमच्या ठेक्यावरूनच पुढे 'डी-बीट' हे नाव पडलं. पहिल्या दहा सेकंदांत मला वाटलं, हा आवाज मला ठाऊक आहे. धोटा इकडून तिकडे, फणी पुढे मागे, आणि मध्ये एक अडखळल्यासारखा ठोका जो खरं तर अडखळत नसतो.

मागावर सूत वाया घालवलेलं कुणालाही चालत नाही. त्यामुळे मला हार्डकोरची परंपरा म्हणजे वेग नाही, काटकसर वाटते. डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी १९८०मध्ये कशी निघाली बघा. टीन आयडल्स नावाचा पोरांचा बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठवलेले साधारण सहाशे डॉलर शिल्लक होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी स्वतःची रेकॉर्ड काढली आणि तिची पाकिटं घरी बसून कात्रीने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवली. त्यातल्याच दोघांनी पुढे मायनर थ्रेट काढला. त्या बँडची गोळा करून काढलेली सगळी रेकॉर्डिंग लावली तर सव्वीस गाणी होतात आणि पन्नास मिनिटंसुद्धा भरत नाहीत.

माझं मत असं: या काटकसरीत बसत असेल तर बासरी, सिंथ (सिंथेसायझर), ड्रम मशीन, काहीही चालेल. त्यांचाच २०२१चा 'ग्लो ऑन' माझ्या हिशोबात बसतो. पंधरा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं. सिंथने सुरू होतो, मध्ये ब्लड ऑरेंज या गायकाचा मऊ आवाज येतो, पण कुठंही सूत लोंबत नाही. 'नेव्हर एनफ' मात्र पंचेचाळीस मिनिटांचा आहे आणि त्यातलं एक गाणं साडेसहा मिनिटांच्या वर जातं. तिथं मला कापड सैल वाटलं. तुम्हाला?

---

निपाणीकर

धागा आवडला दादा, मत पटलं नाही.

हार्डकोर रेकॉर्डवर नसतंच मुळी. ते असतं खोलीत, जिथं स्टेज आणि माणसं यांच्यात कठडा नसतो आणि गाणारा माइक समोरच्याच्या तोंडाशी धरतो. रेकॉर्ड म्हणजे त्या खोलीची आठवण. म्हणून माझी एकच कसोटी: ऐकताना खोली दिसते का? मायनर थ्रेटमध्ये दिसते. 'ग्लो ऑन'मध्ये मला खोली दिसत नाही, फार मोठं स्वच्छ मैदान दिसतं. बासरीचा मला काही त्रास नाही. ड्रम इतके धुऊन-पुसून का ठेवलेत, याचा आहे.

---

खानापूरचा पाऊस

वाचतोय. रात्री सविस्तर लिहितो, ब्लॅक फ्लॅग बँडच्या 'माय वॉर'बद्दल कुणीतरी बोललंच पाहिजे.

---

टिळकवाडी ध्वनी

निपाणीकर, तुमच्या "खोली दिसते का" या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवेना, कारण माझं कामच ते. मी भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करतो.

खोली ऐकू येते त्याचं कारण साधं आहे. सगळे एकाच जागेत एकाच वेळी वाजवतात, तेव्हा ड्रमचा आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा ड्रमच्या माइकमध्ये. हा सांडलेला आवाज नंतर कुणालाही वेगळा काढता येत नाही. तीच ती खोली. बॅड ब्रेन्स या बँडचा पहिला अल्बम न्यूयॉर्कच्या १७१-ए नावाच्या छोट्या जागेत झाला आणि १९८२मध्ये आरओआयआर या कंपनीने तो फक्त कॅसेटवर काढला. त्यात सगळं एकमेकांवर सांडलेलं आहे. डीसीतले बरेच बँड डॉन झियेन्तारा यांच्या घराच्या तळघरात, इनर इअर स्टुडिओत रेकॉर्ड करायचे. तळघराची उंचीसुद्धा ऐकू येते म्हटलं तर चूक नाही.

'ग्लो ऑन'चे निर्माते माइक एलिझोंडो. डॉक्टर ड्रे आणि एमिनेम यांच्याबरोबर काम केलेला माणूस. तो प्रत्येक ठोक्याला स्वतःची जागा देणार. त्यात पाप नाही.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका मंडळाचं भजन "नीट" करायचं ठरवलं. पखवाज वेगळा, टाळ वेगळे, गाणारे वेगळे, सगळ्यांच्या कानात ताल धरणारी क्लिक. एकही चूक नाही. आणि भजन मेलं होतं. बुवांनी ऐकलं, काही बोलले नाहीत, चप्पल घालून निघाले. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना गोल बसवलं, मध्ये दोनच माइक ठेवले. लय तिसऱ्या अभंगात वाढली, टाळकरी बुवांच्या पुढे गेले, बुवांनी त्यांना एका तानेत मागे ओढलं. तेच ठेवलं.

तेव्हा मला कळलं की मारतो तो स्वच्छपणा नव्हे. वाजवणाऱ्यांनी एकमेकांचं ऐकणं थांबवलं की जीव जातो. 'ग्लो ऑन' पुन्हा हेडफोनवर ऐका. डॅनियल फँगचे ड्रम स्वच्छ आहेत, खरं ते बासबरोबर बोलतायत. गाण्याचा वेग अर्ध्यावर येतो, ज्याला ब्रेकडाउन म्हणतात, तिथं सगळे एकदम बसतात, आणि ते बसणं क्लिकवर जमवलेलं वाटत नाही.

---

शहापूरकरीण

मला हा प्रश्नच थोडा उलटा मांडलेला वाटतो. "परंपरेत नवं किती आणायचं" असं म्हणताना आपण धरून चालतो की परंपरा सुरुवातीला शुद्ध होती.

बॅड ब्रेन्सच बघा. डीसीतले चार कृष्णवर्णीय तरुण. पंकआधी ते जॅझ फ्यूजन वाजवत होते, बँडचं नाव माइंड पॉवर. महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि रिटर्न टू फॉरेव्हर हे त्यांचे आदर्श. महाविष्णूचे जॉन मॅक्लॉफ्लिन म्हणजे तेच, ज्यांनी झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' काढली. म्हणजे हार्डकोरच्या मुळाशी गेलं तर दोन पावलांवर आपला तबला आहे! बोटांत एवढी तयारी होती म्हणूनच ते तितक्या वेगात वाजवू शकले. आणि ज्या कॅसेटला लोक हार्डकोरची पोथी मानतात, तिच्यात तीन गाणी चक्क संथ रेगे (जमैकाचं संगीत) आहेत. वादळासारखी पाच गाणी, मग एकदम रेगे, मग पुन्हा वादळ. १९८२मध्ये कुणी उठून "संपलं" म्हणालं असतं तर?

पुढे १९८६च्या 'आय अगेन्स्ट आय'मध्ये तर फंक आलं, मेटल आलं. त्यातल्या एका गाण्याच्या वेळी गायक एच. आर. तुरुंगात होता. त्याने तुरुंगातून टेलिफोनवर गाणं म्हटलं आणि तेच रेकॉर्डवर आहे. ते ऐकताना मला दरवेळी काटा येतो. आवाज दबलेला, तारेतून आलेला. कुणी प्रयोग म्हणून नाही केलं. माणूस आत होता आणि गाणं पूर्ण करायचं होतं.

मला वाटतं नवं तेव्हाच टिकतं जेव्हा ते गरजेतून येतं. टर्नस्टाइलला बासरीची गरज होती का? मला त्या गाण्यात होती असं वाटतं. तो साडेसहा मिनिटांचा तुकडाही मला सैल नाही वाटत दादा. त्याच्या शेवटी येतो तो बाल्टिमोर क्लबचा ठेका, त्यांच्या शहराच्या गल्लीतला नाच. ते बाहेरून आणलेलं नाही, घरातलंच आहे.

---

गोकाक फॉल्स

ताईंचा शेवटचा मुद्दा मला फार जवळचा.

माझी मातृभाषा कन्नड, शाळा मराठी. आमच्या गावच्या जत्रेत करडी मजल असतो. करडी म्हणजे पोटाशी बांधायचा मोठा ढोल, बरोबर शहनाई आणि झांजा. एक जण ठेका धरतो, दुसरा तो मोडतो, आणि मोडताना पहिल्याकडे बघून हसतो. हार्डकोरमध्ये सगळे मिळून एक ओळ ओरडतात ना, ते ऐकलं की मला जत्रेतला तो क्षण आठवतो, जेव्हा वाजवणारे आणि बघणारे असा फरकच राहत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडकं ऐकलंय कुणी? एका बाजूला चामडं, आतून तार, ती ओढून सैल करून आवाज वर-खाली होतो. एका वाद्यात ठेका आणि सूर दोन्ही. काटकसर म्हणाल तर यापेक्षा जास्त कुठं असणार?

इथल्या कुठल्या पोरांनी हार्डकोर बँड काढला तर त्यात चौंडकं यावं असं मला मनापासून वाटतं. शोभेसाठी नव्हे. आम्ही ते ऐकत वाढलो म्हणून.

---

निपाणीकर

गोकाक, तुमचा मुद्दा चांगला आहे, खरं एक भीती सांगतो. बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीत मी लहानपणापासून येतो. हलगी, लेझीम, झांजपथक. मग डॉल्बी आली. तीसुद्धा "नवं"च होती ना? भिंतीएवढे स्पीकर आले आणि झांज वाजवणाऱ्या पोरांना स्वतःची झांज ऐकू येईना. दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीचं पथक बसलं. तालीम घेणारे काका आता वाजवत नाहीत. म्हणून नवं आलं की मी आधी बघतो, जुन्या माणसाच्या हातातलं काय सुटतंय.

---

खानापूरचा पाऊस

आता सावकाश लिहितो.

धागाकर्त्याची काटकसरीची व्याख्या सुंदर आहे आणि ब्लॅक फ्लॅगचा 'माय वॉर' तिला तोडतो. १९८४. कॅलिफोर्नियाचा हा बँड हार्डकोरचा कणा. १९८१चा 'डॅमेज्ड' म्हणजे वेगाचं टोक. मग कंपनीशी कोर्टकज्जे, त्यात बँडचं नाव लावून रेकॉर्ड काढता येईना, माणसं गळाली. 'माय वॉर'वर बास वाजवायलासुद्धा कुणी नव्हतं. गिटारवाल्या ग्रेग गिननेच बास वाजवला आणि वर डेल निक्सन असं खोटं नाव छापलं.

त्या रेकॉर्डची पहिली बाजू ओळखीची. दुसऱ्या बाजूवर तीनच गाणी. प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, चिखलातून चालल्यासारखी, ब्लॅक सॅबथच्या वळणाची. हार्डकोर ऐकणाऱ्यांना तो अपमान वाटला. कार्यक्रमांत लोक चिडायचे. आणि त्याच दुसऱ्या बाजूने मेल्व्हिन्स हा बँड घडला, सिएटलची अख्खी पिढी घडली. आमच्याकडे जुलैत सलग आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही, वीज नसते, तेव्हा मी ती बाजू बॅटरीच्या स्पीकरवर ऐकतो. तिच्यात मला एकही क्षण जास्तीचा वाटत नाही.

त्याच वर्षी हस्कर डू या बँडचा 'झेन आर्केड' आला. दोन रेकॉर्डचा संच, तेवीस गाणी, पियानो, उलट फिरवलेली टेप, शेवटी चौदा मिनिटांचं नुसतं वादन. लांबी बघाल तर उधळपट्टी. खरं जवळपास सगळी गाणी पहिल्याच टेकमध्ये घेतलेली, एकूण खर्च ३,२०० डॉलर. आता याला काटकसर म्हणायचं की उधळपट्टी, धोटादादा, तुम्हीच सांगा.

---

वडगावचा धोटा

पाऊसदादा, तुमचा प्रतिसाद दुपारच्या सुटीत उद्यमबागेत वाचला आणि परत कामावर जाताना डोक्यात तोच होता. मिनिटं मोजून मी चूक केली. 'माय वॉर'ची दुसरी बाजू लांब आहे, पण तिच्यात सामान किती थोडं आहे! एक रिफ (गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा), एक आवाज, संपलं. लांबी आणि उधळपट्टी एक नव्हे, एवढं मान्य.

निपाणीकर, डॉल्बीचं मनाला लागलं. आमच्या गल्लीतही तेच झालं. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

---

सुळेभावी रोड

मी हार्डकोर ऐकत नाही, मुलगा ऐकतो. त्याने हा धागा दाखवला. माझं आयुष्य ख्याल ऐकण्यात गेलं, तरी इथं बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो, कारण तुम्ही ज्या वादात आहात तो वाद आमच्या गावच्या एका माणसाने आयुष्यभर अंगावर घेतला.

कुमार गंधर्व इथलेच, सुळेभावीचे, जन्म १९२४. मूळ नाव शिवपुत्र कोमकली. पोरवयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गायचे. म्हणजे परंपरा त्यांना तोंडपाठ होती. मग क्षयाने गाठलं, एक फुप्फुस निकामी झालं. १९४८च्या सुमाराला देवासला गेले आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद. त्या अंथरुणावर त्यांनी काय ऐकलं? माळव्यातल्या बायकांची लोकगीतं. त्या धुनांतून पुढे त्यांनी नवे राग उभे केले, त्यांना धुनउगम राग म्हणतात. १९६५मध्ये त्यांचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक आलं.

परत गायला लागले तेव्हा लांब दमसास उरला नव्हता. छोटे छोटे, अचानक उसळणारे तुकडे, मध्ये शांतता. पुष्कळांना ते ख्यालाचं मोडकं रूप वाटलं. घराण्याची शिस्त सोडली असं लोक म्हणत. पण ते तुकडे कमजोरी लपवायला नव्हते. जेवढा श्वास आहे तेवढ्यात राग पूर्ण उभा करायचा, हा त्यांचा हट्ट होता. वर ताईंनी तुरुंगातल्या टेलिफोनबद्दल लिहिलंय. मी ते गाणं मुलाकडून मागून ऐकलं. शब्द कळले नाहीत. पण तार अडवतेय आणि माणूस गातोय, हे मला कळलं.

---

शहापूरकरीण

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आईलाही वाचून दाखवला.

---

टिळकवाडी ध्वनी

काकांच्या प्रतिसादानंतर रिफ्यूज्डचं नाव घेतोच. स्वीडनमधल्या उमियो शहराचा बँड. १९९८च्या अल्बमला त्यांनी ऑर्नेट कोलमनच्या १९५९च्या जॅझ अल्बमची आठवण करून देणारं नाव दिलं, 'द शेप ऑफ पंक टू कम'. आत इलेक्ट्रॉनिक तुकडे, जॅझ, तंतुवाद्यं. बाजारात आला तेव्हा फार कुणी विचारलं नाही आणि त्याच सुमाराला बँड मोडला. शेवटचा कार्यक्रम व्हर्जिनियात एका घराच्या तळघरात, तोही पोलिसांनी मध्येच थांबवला. नंतर तोच अल्बम कितीतरी बँडचा पाया ठरला. निपाणीकर, सगळ्यात नवी रेकॉर्ड करणाऱ्यांचा शेवटचा कार्यक्रमसुद्धा तुमच्या खोलीतच झाला.

---

निपाणीकर

हे ठाऊक नव्हतं. 'ग्लो ऑन' आज रात्री हेडफोनवर ऐकतो.

---

वडगावचा धोटा

मंडळी, एक घडलेलं सांगतो आणि मग पुढच्या रविवारचं ठरवू.

काल वीज गेली होती, माग बंद, बाबा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, एक ऐका. आधी डिस्चार्ज लावलं. बाबा अर्धा मिनिट ऐकत राहिले, म्हणाले, "पट्टा घट्ट आहे." मागाचा पट्टा सैल पडला की ठोका घसरतो, बाबांना खालच्या खोलीतून वरच्या मजल्यावर ते कळतं. मग टर्नस्टाइलचं बासरीचं गाणं लावलं. बासरीवर काही बोलले नाहीत, डोळे मिटून बसले. पुढच्या गाण्याचे ड्रम आले तसे म्हणाले, "हा पण घट्ट. मधे थांबवलेला माग परत चालू केला."

मग मला राहवलं नाही. 'माय वॉर'ची दुसरी बाजू लावली. मला वाटलं, उठून जातील. पहिलं गाणं पूर्ण ऐकलं त्यांनी. मी विचारलं, "ह्याचा पट्टा ढिला आहे का?"

म्हणाले, "नाही रे. मुद्दाम हळू चालवलाय. ताणा कच्चा असला की असाच चालवायचा, नाहीतर सगळी सुतं तुटतात."

मी ब्लॅक फ्लॅगची कोर्टकज्ज्यांची, गळालेल्या माणसांची, नसलेल्या बासवाल्याची गोष्ट त्यांना सांगितलीच नव्हती. तेवढ्यात वीज आली आणि ते खाली गेले.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता, तिसऱ्या गेटाजवळ, तीच खोली. निपाणीकर, शेवटची गाडी चुकली तर मुक्काम आमच्याकडे. गोकाक, गावाकडे कुणाकडे चौंडकं मिळालं तर घेऊन या. ध्वनीदादा, तुमचे दोन माइक हवेत. काका, मुलाला घेऊन याच, कुमारांची एखादी जुनी तबकडी असेल तर तीही. बाबा म्हणालेत, सातला माग बंद करून येतो.